बडोद्याचे दप्तर, तीन लिपी आणि युनिकोड

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० पासून तो मुलूख गुजरात राज्यात आहे. या दोन तारखांना राज्यव्यवस्था बदलली, कचेऱ्यांवरील पाट्या बदलल्या. दप्तरातील कागद मात्र होते त्याच अक्षरांत राहिले. या कागदांचे लिपीच्या दृष्टीने ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. गायकवाडांच्या जुन्या कारभाराचे मराठी कागद मोडीत आहेत. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८७५ ते १९३९ या काळात, राज्याचे कायदे व आज्ञापत्रिका गुजराती भाषेत परंतु बालबोध लिपीत छापल्या जात. शिवाय रयतेचे खाजगी व्यवहार, अर्ज आणि हिशेब यांत गुजराती लिपी होतीच. एकाच राज्यात, एकाच पिढीच्या हातांखालून तीन लिपी जात होत्या, आणि त्यांपैकी एकीत भाषा व लिपी यांची नेहमीची जोडी फुटलेली होती.

अशा दप्तराची सूची संगणकावर घ्यावयाची झाल्यास, अथवा संस्थानी काळातील एखाद्या घराण्याचे नाव आजच्या नोंदीशी ताडून पाहावयाचे झाल्यास कोणत्या अडचणी येतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ह्या अडचणी एकट्या बडोद्याच्या नाहीत. आपल्या तालुक्यांच्या कचेऱ्यांत, ग्रामपंचायतींत आणि शाळांत १९९० नंतर संगणकावर जो मराठी मजकूर साठला, त्याचाही प्रश्न हाच आहे. जुना मजकूर नव्या संकेतनात आणावयाचा, नवी व्यवस्था पूर्णपणे स्वीकारावयाची, आणि तरीही जुन्या नोंदी, जुन्या आज्ञावली व जुनी यंत्रे बंद पडू द्यावयाची नाहीत. संगणकशास्त्रात यास पूर्वसुसंगतता म्हणतात. सोप्या शब्दांत सांगावयाचे तर, नवे आल्यावरही जुन्याशी मेळ राहणे.

मोडीचा धडा

मोडी वाचणाऱ्यांस ठाऊक असते की, त्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः राखला जात नाही आणि शब्दांमध्ये अंतर सोडण्याचीही रीत नाही. त्यामुळे मोडी कागद बालबोधात उतरविणारा माणूस केवळ अक्षरामागे अक्षर ठेवीत नसतो. तो पदोपदी निर्णय घेत असतो. कागदात ‘दिन’ आहे की ‘दीन’, म्हणजे दिवस अभिप्रेत आहे की गरीब, हे त्याला संदर्भावरून ठरवावे लागते. बालबोधातून मोडीत जाताना भेद पुसला जातो. मोडीतून बालबोधात येताना तो नव्याने घालावा लागतो. एका लिपीतून दुसरीत जाऊन परत आल्यास मूळचाच शब्द हाती येईल, अशी हमी येथे नाही.

जाणते संपादक म्हणून लिप्यंतराबरोबर मूळ रुमालाचा व कागदाचा निर्देश देतात आणि मूळ कागद जपून ठेवतात. पुढील वाचकास शंका आल्यास त्याने मुळाकडे जावे, एवढी वाट ते मोकळी ठेवतात. संगणकावरील संक्रमणात ही वाट फार वेळा बुजविली जाते. मजकूर नव्या संकेतनात आणला, तो पडद्यावर बरा दिसला, की जुनी फाईल पुसून टाकण्यात येते. कागदाच्या बाबतीत असे करण्याचे धैर्य कोणा दप्तरदारास झाले नसते.

अक्षर दिसते एक, साठते दुसरे

संगणक अक्षरे साठवीत नाही. तो अंक साठवितो. कोणत्या अंकास कोणते अक्षर समजावयाचे, या ठरावास संकेतन म्हणतात. इंग्रजीसाठी हा ठराव १९६० च्या दशकातच झाला. तो आस्की या नावाने प्रसिद्ध आहे. भारतीय लिपींसाठी भारतीय मानक संस्थेने आयएस १३१९४ हे मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यास इस्की म्हणतात. परंतु बाजारात आणि कचेऱ्यांत जे रुळले ते बहुतांशी मानक नव्हते, तर निरनिराळ्या उत्पादकांचे फॉन्ट होते. त्यांत प्रत्येकाची अंकांची वाटणी वेगळी होती.

या फॉन्टची युक्ती अशी. संगणकास मजकूर इंग्रजीच आहे असे वाटू द्यावयाचे, आणि इंग्रजी अक्षराच्या चित्राऐवजी देवनागरी अक्षराचे, अथवा अक्षराच्या तुकड्याचे, चित्र पडद्यावर काढावयाचे. कृतिदेव या फॉन्टचे उदाहरण घेऊ. त्यात ‘राम’ असे दिसते तेव्हा फाईलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी जे, के आणि ई ही तीन छोटी अक्षरे असतात. फॉन्ट काढून घेतला की रामाचे ‘जेकेई’ होते. शिवाय टंकलेखन यंत्राच्या सवयीने त्यात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केली जाते आणि रफार अक्षराच्या नंतर. ‘दिन’ या शब्दात आधी वेलांटी, मग द, मग न. ‘कर्म’ या शब्दात आधी क, मग म, आणि शेवटी रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. द आधी, वेलांटी नंतर. ‘कर्म’मध्ये क, मग र, हलंत आणि म. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने म्हणून केवळ अंक बदलून भागत नाही. तिला वेलांटी पुढून मागे आणि रफार मागून पुढे न्यावा लागतो. जोडाक्षर मोठे असेल तर तो नेमका किती अक्षरे ओलांडून न्यावयाचा, हे तिला कळले पाहिजे.

टाइप करणाऱ्यांच्या सवयी हा आणखी एक गुंता आहे. जुन्या फॉन्टमध्ये एकच दिसणारे अक्षर दोन-तीन प्रकारे जुळविता येई. कोणी ‘ो’ची एक कळ दाबी, तर कोणी काना देऊन वर मात्रा चढवी. कागदावर दोन्ही सारखेच उमटत, म्हणून कोणाची तक्रार नसे. आज त्या फाईलींत शोध घेऊ जाता एक सापडते आणि दुसरे सापडत नाही.

युनिकोडचे वचन

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिच्यात देवनागरीस १२८ स्थानांचा एक सलग पट्टा मिळाला. त्याची मांडणी इस्कीच्या १९८८ मधील आराखड्यावरून घेतली होती. केंद्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनातील सर्व भारतीय भाषांसाठी युनिकोड ५.१ व त्यापुढील आवृत्त्या हेच मानक म्हणून अधिसूचित केले. त्याच महिन्यात, ६ नोव्हेंबर २००९ रोजी, महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला व अक्षरांची रूपे यांविषयी निर्णय काढला. या दोन निर्णयांचे कार्यक्षेत्र वेगळे आहे, आणि ते अनेकदा एकमेकांत मिसळले जाते. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे दिसतात. परंतु युनिकोडमध्ये त्यांचे अंक एकच आहेत. वळण हे फॉन्टचे काम, अंक हे मानकाचे. फॉन्ट बदलला म्हणून मजकूर बदलत नाही, हीच तर जुन्या व्यवस्थेहून झालेली सुधारणा होय.

युनिकोडच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. १९९६ मध्ये निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत कोरियन लिपीची अक्षरे आधीच्या जागेवरून उचलून नव्या जागी नेण्यात आली. ज्यांनी जुन्या जागा धरून मजकूर साठविला होता, त्यांचा मजकूर निरर्थक झाला. या गोंधळानंतर असे ठरले की, एकदा नेमलेले अक्षर पुन्हा कधीही हलवावयाचे नाही, काढावयाचे नाही; त्याचे अधिकृत नाव चुकीचे ठरले तरी तेही बदलावयाचे नाही. वरवर पाहता हा हट्ट वाटेल. पण खुद्द बडोद्याच्याच स्थानकाचे उदाहरण पाहावे. शहराचे अधिकृत नाव १९७४ मध्ये वडोदरा झाले. रेल्वेचा सांकेतिक शब्द मात्र बी-आर-सी हाच राहिला. नाव लोकांसाठी असते आणि संकेत यंत्रासाठी असतो. यंत्रासाठीची खूण बदलली तर तिकिटापासून मालाच्या पावतीपर्यंत सारेच बदलावे लागेल.

‘वडोदऱ्याचा’ हा शब्द

शहराच्या नव्या नावाला मराठी प्रत्यय लावला की ‘वडोदऱ्याचा’ असे रूप होते. यातील अर्धा र मराठीचे खास वैशिष्ट्य आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. शिक्षक हा भेद मुलांना समजावून सांगतातच. संगणकात तो तीन रीतींनी लिहिला जातो, हे मात्र फार थोड्यांस माहीत असते.

युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीतील रीत अशी होती: र, त्यापुढे हलंत, आणि त्यापुढे न दिसणारी एक जोडखूण. पुढे नुक्त्यासह असलेला ऱ, आणि त्यापुढे हलंत, ही रीत मान्य झाली. परंतु जुनी रीत रद्द करण्यात आली नाही. तिच्यात लिहिलेला मजकूर आजही बरोबर दिसतो. तिसरी रीत म्हणजे र आणि नुक्ता वेगवेगळे टाइप करणे. ही तिसरी रीत व दुसरी रीत एकच मानाव्यात, असा युनिकोडचा नियम आहे, आणि समीकरणाच्या प्रमाण पद्धतीने त्या एक होतात. पहिली रीत मात्र त्या नियमाने एक होत नाही. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव एका नोंदीत पहिल्या रीतीने आणि दुसऱ्या नोंदीत दुसऱ्या रीतीने असेल, तर डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतील आणि यंत्र म्हणेल की ही दोन माणसे आहेत. ज्याचे नाव जुळत नाही त्याला कचेरीत खेटे घालावे लागतात, आणि चूक दिसतच नसल्याने ती त्याला दाखवून देता येत नाही आणि कारकुनासही ती सापडत नाही.

‘ॲ’ या अक्षराची कथाही अशीच आहे. त्याला स्वतंत्र स्थान ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये मिळाले. तत्पूर्वी अ काढून त्यावर चंद्र देत असत. ‘ॲड.’ असा शोध घेतला तर २००८ पूर्वीच्या रीतीने लिहिलेले वकील यादीत येणार नाहीत. येथेही प्रमाण समीकरण मदतीस येत नाही. आपली स्वतःची तुलनेची तक्ती ठेवावी लागते.

आता पुन्हा बडोद्याकडे वळू. गुजराती लिपीचा पट्टा युनिकोडमध्ये देवनागरीच्या पट्ट्याशी समांतर मांडलेला आहे. देवनागरी क चा अंक २३२५, गुजराती क चा २७०९, फरक ३८४. बहुतेक सर्व अक्षरांत हाच फरक आहे. बालबोधात छापलेली गुजराती आज्ञापत्रिका गुजराती लिपीत आणावयाची तर प्रत्येक अंकात ३८४ मिळविले की काम झाले, असे प्रथमदर्शनी वाटते, आणि बहुतांशी होतेही. पण ऱ चा अंक २३५३. त्यात ३८४ मिळविल्यास २७३७ येतो, आणि गुजराती पट्ट्यात ती जागा रिकामी आहे. तेथे कोणतेच अक्षर नेमलेले नाही. बडोद्यातील मराठी कुटुंबाचे नाव अशा रूपांतरात सापडले तर पडद्यावर रिकामी चौकट दिसते. कोणी शहाणपणाने ऱ च्या जागी साधा र घातला तर गुजरातीत नाव रफाराने लिहिले जाते आणि ते ठीक दिसते. मात्र तेच पुन्हा देवनागरीत आणले की ‘कऱ्हाडे’ यांचे ‘कर्हाडे’ झालेले असतात. मोडीतील ऱ्हस्व-दीर्घाप्रमाणेच येथेही गेलेला भेद परत येत नाही.

यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली, नोंदीत भाषा आणि लिपी यांसाठी दोन वेगळे रकाने असावेत. ‘गुजराती’ एवढेच लिहिल्याने बालबोधातील गुजरातीचा ठाव लागत नाही. दुसरी, ज्या लिपीत मूळ कागद आहे त्याच लिपीत नोंद साठवावी, आणि दुसऱ्या लिपीतील रूप गरजेपुरते तयार करावे. सयाजीराव महाराजांच्या काळी १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ या कोशात कारभारातील शब्द आठ भाषांत शेजारीशेजारी मांडले होते. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नव्हती. मांडणीची ती पद्धत आजही अनुकरणीय वाटते.

फ्रेमवर्कने काय केले

संकेतस्थळे आज बहुधा मुळापासून लिहिली जात नाहीत. अर्ज स्वीकारणे, माहिती साठविणे, पाने तयार करणे यांसाठी तयार सांगाडा मिळतो. त्यास फ्रेमवर्क म्हणतात. घराच्या लाकडी सांगाड्याप्रमाणे हाही बाहेरून दिसत नाही, पण भिंती त्याच्याच आधाराने उभ्या असतात. अशा सांगाड्यात अक्षरांची व्यवस्था बदलणे म्हणजे घरात माणसे राहत असताना खांब बदलणे होय. जॅंगो या फ्रेमवर्कने हे काम कसे केले ते अभ्यासण्यासारखे आहे.

जॅंगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत झाला, आणि २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. त्या वेळी त्यात मजकूर बाइटांच्या स्वरूपात इकडून तिकडे जाई. त्या बाइटांचे संकेतन कोणते, हे ज्याचे त्याने सांभाळावे लागे. इंग्रजीत हे खपून जात होते. युनिकोडकडे जाण्याचे काम माल्कम ट्रेडिनिक यांच्या पुढाकाराने एका वेगळ्या शाखेत करण्यात आले, आणि जुलै २००७ मध्ये ते मुख्य प्रवाहात मिसळण्यात आले. पुढे सप्टेंबर २००८ मध्ये १.० ही आवृत्ती निघाली.

त्यांनी पाळलेले धोरण थोडक्यात असे. आतल्या घरात फक्त युनिकोड. बाइट आणि युनिकोड यांची सरमिसळ आत कोठेही नाही. रूपांतर केवळ उंबरठ्यावर, म्हणजे अर्ज आत येताना, माहितीसाठ्यातून मजकूर घेताना वा तेथे ठेवताना, आणि पान बाहेर पाठविताना. कोणी जुन्या सवयीने बाइट दिलेच तर ते यूटीएफ-८ या संकेतनातील आहेत असे गृहीत धरावयाचे. यूटीएफ-८ ची रचना केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये केली. तिचा मोठा गुण हा की, शुद्ध आस्की मजकूर तिच्यात जसाच्या तसा वैध असतो. त्यामुळे केवळ इंग्रजी वापरणाऱ्या जुन्या आज्ञावली काहीही न बदलता चालू राहिल्या. एखादी नोंद शब्दांत कशी दाखवावी हे सांगणारी नवी पद्धत आली, पण जुन्या नावाने हाक मारणाऱ्यालाही उत्तर मिळेल अशी सोय ठेवली गेली. जुने उत्तर नव्यातूनच काढून दिले जाई. बाहेरून वेगळ्या संकेतनात अर्ज पाठविणारे जुने ग्राहक असतील तर त्या अर्जापुरते संकेतन सांगण्याची वाटही होती. आणि दिलेले बाइट यूटीएफ-८ मध्ये बसत नसतील तर फ्रेमवर्क तर्क लढवीत बसत नसे. ते चूक दाखवून थांबत असे. काही आज्ञावलीकारांस हा कठोरपणा जाचक वाटला. परंतु चुकीचे अक्षर मुकाट्याने साठवून ठेवण्यापेक्षा कामाच्या वेळीच अडणे बरे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जॅंगो ज्या पायथन भाषेत लिहिले आहे, तिने डिसेंबर २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीत अधिक टोकाचा मार्ग धरला. मजकूर आणि बाइट हे दोन प्रकार तिने पूर्णपणे वेगळे केले आणि जुन्या आज्ञावली तशाच चालतील ही अपेक्षाच सोडून दिली. तत्त्व योग्य होते. किंमत मात्र मोठी पडली. युनिकोड मजकुरामागे लावण्याची जुनी खूण काढून टाकली होती, ती लोकांच्या सोयीसाठी २०१२ मध्ये ३.३ या आवृत्तीत परत आणावी लागली. जुन्या २.७ या आवृत्तीस १ जानेवारी २०२० पर्यंत आधार देणे भाग पडले. जॅंगोने स्वतः जुन्या पायथनची साथ डिसेंबर २०१७ मध्ये, २.० या आवृत्तीत सोडली. तोवर अनेक वर्षे दोन्ही पायथनांवर एकच आज्ञावली चालविण्याची कसरत केली. अकरा-बारा वर्षांचा हा काळ एखाद्या खात्याच्या संगणकीकरणाच्या आराखड्यात धरलेला क्वचितच आढळेल.

आपल्याकडील खास अडचण

जॅंगोची पद्धत आपल्या मजकुरास लावताना एक खाचखळगा आहे, आणि तो त्या फ्रेमवर्कच्या रचनाकारांसमोर नव्हता. शुद्ध आस्की मजकूर न बदलता वैध, ही सवलत इंग्रजीस वरदान ठरली. कृतिदेवसारख्या फॉन्टमधील मजकुरास तीच घातक ठरते. कारण फाईलमध्ये ‘राम’ नसून जे, के, ई ही इंग्रजी अक्षरे आहेत. ती यूटीएफ-८ म्हणून निर्दोष आहेत. उंबरठ्यावरचा पहारेकरी त्यांना अडविणार नाही. चूक दाखविली जाणार नाही, काम थांबणार नाही, आणि निरर्थक इंग्रजी अक्षरे युनिकोडच्या रूपात कायमची साठून राहतील. कोणता मजकूर कोणत्या फॉन्टमधील आहे, ही माहिती बाइटांत नसते. ती फाईलच्या मांडणीत, नाहीतर टाइप करणाऱ्याच्या स्मरणात असते. म्हणून फॉन्टचे नाव ही नोंदीचीच एक बाब समजून रूपांतरापूर्वी लिहून घेतली पाहिजे. निवृत्त होत असलेल्या लिपिकास हे विचारून ठेवणे हे संगणकतज्ज्ञाच्या कामाइतकेच महत्त्वाचे आहे.

रूपांतर झाल्यावर पडताळणीची एक चांगली कसोटी म्हणजे उलट रूपांतर. नवा मजकूर पुन्हा जुन्या फॉन्टच्या अंकांत न्यावा आणि मूळ फाईलशी बाइटागणिक ताडावा. जेथे जुळत नाही तेथे एकतर तक्ता चुकला आहे किंवा मूळ टाइपकर्त्याने वेगळी जुळणी केली आहे. दोन्ही ठिकाणे माणसाने डोळ्यांखालून घालावीत. मूळ फाईल, वापरलेला तक्ता आणि त्याची तारीख ही तिन्ही एकत्र ठेवावीत. पुढे तक्त्यात दोष आढळल्यास मुळापासून पुन्हा काम करता येते.

रकान्यांची लांबी ही बाब किरकोळ वाटते, पण नुकसान तेथेच अधिक होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेस तीन बाइट लागतात. काना, मात्रा, हलंत यांनाही प्रत्येकी तीन. ‘सयाजीराव गायकवाड’ या नावास सोळा खुणा आणि ४६ बाइट लागतात. जुन्या साठ्यात नावाचा रकाना ३० बाइटांचा असेल तर तेथे ‘सयाजीराव ग’ एवढे मावते आणि पुढच्या कान्याचे दोन बाइट लोंबकळत राहतात. मघाचा ‘वडोदऱ्याचा’ हा शब्द नव्या रीतीने लिहिल्यास बरोबर ३० बाइटांत बसतो. जुन्या जोडखुणेच्या रीतीने त्यास ३३ लागतात, आणि त्याचा शेवटचा काना गळून ‘वडोदऱ्याच’ असे उरते. शाळेच्या जनरल रजिस्टरातील नावे संगणकावर चढविताना शेवटचे अक्षर तुटल्याच्या तक्रारी आल्या, तर प्रथम रकान्याची लांबी बाइटांत मोजली आहे की अक्षरांत, हे विचारावे.

शेवटी मोडी. बडोद्याच्या दप्तराचा जो सर्वांत जुना वर्ग, त्यास युनिकोडमध्ये सर्वांत उशिरा जागा मिळाली. जून २०१४ मधील ७.० या आवृत्तीत मोडीची ७९ अक्षरे व खुणा समाविष्ट झाल्या. त्या देवनागरीप्रमाणे खालच्या पट्ट्यात नसून वरच्या पट्ट्यात आहेत, आणि त्यांना यूटीएफ-८ मध्ये तीन नव्हे तर चार बाइट लागतात. मायएसक्यूएल हा माहितीसाठा अनेक संकेतस्थळांमागे असतो. त्यातील ‘यूटीएफ८’ नावाच्या जुन्या प्रकारात एका अक्षरास तीनच बाइट मावत. देवनागरी त्यात सुखेनैव राहिली, म्हणून त्याचे उणेपण आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही. त्याच रकान्यात मोडी अक्षर घातल्यास साठा ते नाकारतो, किंवा शिथिल व्यवस्थेत असेल तर त्या अक्षरापासून पुढचा मजकूर कापून टाकतो. चार बाइटांचा प्रकार त्यात २०१० मध्ये आला आणि २०१८ मधील आठव्या आवृत्तीपासून तो मूळ ठेवणीतच मिळतो; परंतु जुने रकाने आपोआप बदलत नाहीत. मोडी कागदांची सूची करू इच्छिणाऱ्या संस्थेने ठेकेदाराकडून व्यवस्था ताब्यात घेण्यापूर्वी चार गोष्टी समक्ष टाइप करून, साठवून आणि पुन्हा वाचून पाहाव्यात: ‘वडोदऱ्याचा’ हा शब्द अर्ध्या र च्या तिन्ही रीतींनी, ‘ॲड.’ नव्या व जुन्या रीतीने, तीस बाइटांहून लांब असे एक पूर्ण नाव, आणि मोडीतील कोणतेही एक अक्षर, ज्याच्या पुढे दोन शब्द बालबोधात लिहिलेले असतील.